चांदमारीवरचे उस्ताद

'उस्ताद' ही हाक आपल्या इंदुरात आता फार थोड्या ठिकाणी मनापासून मारली जाते. गाण्याबजावण्याच्या क्षेत्रात तो शब्द निमंत्रणपत्रिकांवर आणि फलकांवर उरला आहे. समोरासमोर आम्ही सारे 'सर' झालो आहोत. आखाड्यांतून त्याचे 'वस्ताद' हे रूप अधूनमधून कानी येते. परंतु जेथे शेकडो तरुण मुले-मुली रोज सकाळी टाचा जुळवून, कसलाही संकोच न बाळगता आपल्या शिक्षकाला 'उस्ताद' म्हणून संबोधतात असे एकच स्थान मला ठाऊक आहे, आणि ते म्हणजे पोलीस व सशस्त्र दलांचे कवायतीचे मैदान. तेथे हवालदाराच्या हुद्द्याचा माणूस शिकवावयास उभा राहिला की तो उस्ताद होतो. उद्या त्याच्यावर हुकूम चालविणारा प्रशिक्षणार्थी अधिकारीही आज त्याला त्याच नावाने हाक मारतो.

या पानावर बंदुकीची गोष्ट काढल्याबद्दल काही वाचक नाक मुरडतील हे मी जाणून आहे. आपल्या जुन्या घरांतून हत्यार म्हणजे दसऱ्याला गंधफूल वाहून पुन्हा भिंतीवर टांगावयाची तलवार, एवढाच संबंध आता राहिला आहे. ज्यांचे पूर्वज होळकरांच्या फौजेबरोबर या मुलखात आले त्यांच्याच घरी आज 'मुलगी पोलिसांत गेली' हे वाक्य जरा आवाज खाली करून बोलले जाते. मला मात्र हा विषय माझ्याच धंद्यातला वाटतो. माझे वडील होळकर दरबारचे पखवाजवादक. १९४८ साली संस्थान मध्य भारतात विलीन झाले तेव्हा ते जेमतेम विशीत होते आणि मी त्यांच्या पन्नाशीनंतरचा; तेव्हा दरबार मी पाहिला नाही, दरबारी तालीम मात्र पुरेपूर सोसली. हातातली विद्या एका माणसाकडून दुसऱ्या माणसाकडे कशी जाते आणि कशी जात नाही, हेच गेली वीस वर्षे मी शिकवण्या करताना पाहतो आहे. ती विद्या पखवाजाची आहे की पिस्तुलाची, हा माझ्या दृष्टीने पुढचा प्रश्न.

रामबागेतील एक मुलगी माझ्याकडे आठ वर्षे गाणे शिकली आणि मग पोलीस दलात भरती झाली. सुटीत घरी आली की ती तंबोरा काढते आणि गाणे थोडे, गप्पा फार, असा आमचा वर्ग चालतो. त्या गप्पांतून तिच्या शस्त्रशिक्षकाची मला ओळख झाली. पुढे ते गृहस्थ स्वतःच दोन-तीनदा घरी येऊन गेले. निवृत्तीला टेकलेला, उन्हाने रापलेला, हळू बोलणारा माणूस. भजनाला पेटी वाजवितात, आणि एका भजनाची चाल त्यांना पक्की करून हवी होती. चाल अर्ध्या तासात पक्की झाली. त्यानंतर मी त्यांना त्यांच्या विद्येबद्दल जे विचारीत सुटलो ते चहा तीनदा झाला तरी थांबलो नाही.

पहिली गोष्ट अशी की नव्या शिपायाला कित्येक दिवस गोळीचे दर्शनच होत नाही. रायफल उघडणे, जोडणे, पुसणे. चिंदीने नळी साफ करणे. झोपून, गुडघ्यावर आणि उभे राहून अंग कसे लावावयाचे ते शिकणे. आणि मग रिकाम्या हत्याराचा चाप शेकडो वेळा ओढणे. 'गुरुजी, नळीवर नाणे ठेवतात,' ती मुलगी सांगत होती. 'चाप ओढला आणि नाणे पडले, की पुन्हा पहिल्यापासून.' आमच्याकडे पखवाजाला हात लावण्यापूर्वी बोल तोंडाने म्हणावे लागतात. हातावर टाळी देत पढंत स्वच्छ झाली नाही तर वाद्य समोर येत नसे. माझ्या आजच्या शिष्यांचे पालक दुसऱ्याच महिन्यात विचारतात, 'स्टेजवर केव्हा बसवणार?' पोलिसांच्या उस्तादाला हा प्रश्न विचारणारा पालक नसतो, याचा मला मनापासून हेवा वाटतो.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. चांदमारीवर गोळ्या सुटत असताना सारे नवखे लोक समोरच्या निशाणाकडे पाहत असतात. उस्ताद निशाणाकडे पाहतच नाही. तो नेमबाजाच्या मागे अथवा बाजूला बसून त्याच्या पापण्या, खांदा, मनगट आणि चापावरचे बोट पाहत असतो. गोळी कोठे लागली हे निशाण केव्हाही सांगेल; ती तेथे का लागली हे त्या बोटात आणि पापणीत असते. बार होणार, दणका बसणार, या धास्तीने माणूस क्षणभर आधीच अंग आखडतो आणि हात खाली दाबतो. बाराच्या आवाजात आणि धक्क्यात ही चूक झाकली जाते, इतकी की स्वतः त्या माणसाचाही तीवर विश्वास बसत नाही. म्हणून जगभरचे अनुभवी शिक्षक एक युक्ती करतात. शिष्याच्या नकळत खऱ्या काडतुसांमध्ये एखादे नकली काडतूस घालून ठेवतात. खरी गोळी सुटेल या समजुतीने शिष्य चाप ओढतो, बार होत नाही, आणि त्या शांततेत पिस्तुलाचे तोंड खाली झुकलेले त्याचे त्यालाच दिसते. कोणी रागवावे लागत नाही. मी हे ऐकले आणि वडिलांची आठवण झाली. समेवर येताना मी घाई करतो हे मला पटत नसे, म्हणून ते मधेच ठेका थांबवीत. मी एकटाच समेवर आदळे, तीही अर्धी मात्रा आधी.

निशाणही बोलते, पण ते वाचणारा हवा. उजव्या हाताने पिस्तूल चालविणाऱ्याच्या गोळ्या सारख्या खाली डावीकडे पडत असतील तर तो चाप हिसडतो आहे हे उस्ताद न पाहताही सांगतो. पाच गोळ्या मध्यबिंदूपासून दूर, परंतु एकमेकींना चिकटून पडल्या तर तो खूश होतो. पाचांतली एक नेमकी मध्ये आणि चार इतस्ततः गेल्या तर तो त्या एकीचे कौतुक करीत नाही. प्रथम जुळणी, मग जागा. आम्हीही बेसुऱ्या तानेतील एका सुरेल स्वरावर भाळत नाही, निदान भाळू नये.

आणि हे सारे किती बारीक असते! पिस्तुलाच्या मागची खाच आणि पुढची माशी यांत सुमारे पंधरा सेंटिमीटरचे अंतर धरा. या दोहोंच्या जुळणीत फक्त एक मिलिमीटर फरक पडला तर पंचवीस मीटरवर गोळी सोळा-सतरा सेंटिमीटर बाजूला जाते. आपल्या तळहाताच्या लांबीएवढी ही चूक गर्दीच्या रस्त्यावर कोणाच्या अंगावर जाईल याचा विचार करावा. तंबोऱ्याच्या घोडीवर सूत केसभर सरकले तर जवारी जाते, एवढेच. सूत परत लावता येते. गोळी परत बोलावता येत नाही. या दोन विद्यांची तुलना मी हौसेने करीत असलो तरी येथे ती संपते, हे मला ठाऊक आहे.

पोलिसी हिंदीत नेम धरण्याला 'शिस्त लेना' म्हणतात. हा फारसीतून आलेला शब्द आपल्याही भाषेत जुना, आणि जुन्या मराठीत त्याचा अर्थ नेम असाच होता. आपण तो शाळेच्या रांगेला आणि वळणाला लावला आणि मूळ अर्थ विसरलो. त्या उस्तादांना मी हे सांगितले तेव्हा ते हसून म्हणाले, 'बात तो एक ही है, पंडितजी.' त्यांच्या मैदानावर सर्वांत जास्त वेळा उच्चारला जाणारा हुकूम मात्र नेमाचा नाही. तो आहे 'उंगली बाहर!' नेम धरून बार करण्याचा निश्चय होईपर्यंत बोट चापावर जाता कामा नये. हत्यार रिकामे आहे असे दुसऱ्याने सांगितले तरी स्वतः उघडून पाहिल्यावाचून मानू नये. ज्याच्याकडे नळी रोखावयाची नाही त्याच्याकडे ती थट्टेनेही वळवू नये. बार कसा करावा यापेक्षा बार कसा होऊ देऊ नये, यातच शिकवणीचा अर्धाअधिक वेळ जातो.

ज्यांना पोलिसांच्या हाती बंदूक असणेच मंजूर नाही त्यांच्याशी मी वाद घालणार नाही. त्यांची भीती निराधार नाही. पण बंदूक हाती असलीच, तर ती न शिकलेल्या हाती असण्यापेक्षा भयंकर काही नाही. घाबरलेला माणूस लवकर गोळी झाडतो, आणि आपल्याला हत्यार येत नाही हे ज्याला मनातून ठाऊक आहे तो सर्वांत आधी घाबरतो. १९९० साली हवाना येथे भरलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या परिषदेने पोलिसांच्या शस्त्रवापराची जी तत्त्वे मान्य केली त्यांतही हे स्पष्ट आहे की ज्याला शस्त्र बाळगावयाचे त्याने त्याचे खास शिक्षण पुरे केलेले असावे, तोवर त्याला परवानगी नसावी. आपल्याकडे हे तत्त्व कोणी नाकारीत नाही. आचरणाचे काय, ते पुढे येईलच.

मग शिकवावे कोणी? ज्याने ते केले आहे त्याने, हे उत्तर सोपे वाटते. त्याला मोठा आधारही आहे. पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे शांघायच्या म्युनिसिपल पोलिसांत फेअरबर्न नावाचा इंग्रज अधिकारी होता. त्या दलात आपले शीख शिपाईही पुष्कळ होते. शहर गुन्हेगारांनी बुजबुजलेले, आणि पोलीस मात्र दिवसाउजेडी, सरळ उभे राहून, स्थिर गोल निशाणावर नेम धरावयास शिकलेले. फेअरबर्नने रस्त्यावरच्या खऱ्या चकमकी तपासल्या. त्या अंधारात होतात, चार-पाच हातांच्या अंतरावर होतात, आणि माशी-खाच जुळविण्यास सवडच नसते, हे त्याने पाहिले आणि शिकवणीच बदलली. सरावासाठी खोल्या केल्या, त्यांत अचानक पुढे येणारी निशाणे ठेवली. त्याने आणि सायक्स या सहकाऱ्याने १९४२ साली या पद्धतीवर लिहिलेले पुस्तक आजही वाचले जाते. ज्याने अंधारी गल्ली पाहिलीच नाही त्याला असा बदल सुचला नसता.

परंतु येथे एक पाचर आहे. मैफल गाजविणारा प्रत्येक गवई शिकवू शकतो असे नाही; आपल्या शहराला हे सांगावयास नको. चकमकीत शौर्य गाजविलेला माणूस शिक्षक म्हणून आणला आणि तो रोज स्वतःच्याच पराक्रमाच्या गोष्टी सांगत बसला, असेही होते. अनुभव हवाच, पण त्या अनुभवाची चिरफाड करून त्यातले शिकविण्याजोगे वेगळे काढता आले पाहिजे. ही दुसरी कला आहे, ती दहा-पंधरा वर्षे शिकवूनच येते. रामबागेतल्या त्या मुलीचा पंजा लहान. पिस्तुलाच्या मुठीवर तिची पकड बसेना. जोर लावला की चापाचे बोट तिरके व्हावे. उस्तादांनी दोन दिवस नुसती तिची बोटे पाहिली आणि मग पकड अर्ध्या बोटाने फिरवून दिली. 'बेटा, यह हथियार तेरे हाथ के लिए नहीं बना, पर तेरा हाथ इसके लिए बन जाएगा.' तिच्या गोळ्या त्याच आठवड्यात जुळू लागल्या. हे कोणत्या पुस्तकात पान उलटून सापडेल? लहान गळ्याच्या मुलीला पांढरी चार द्यावी की पाच, हेही पुस्तक सांगत नाही.

आपल्या शहराला या विद्येचे माहेरघर म्हणावयास हरकत नाही, आणि तरी आपल्याला त्याचा पत्ता नाही. बिजासनच्या देवीला आपण नवरात्रात जातो. त्याच रस्त्यावर सीमा सुरक्षा दलाची शस्त्र आणि रणनीतीची केंद्रीय शाळा आहे. तेथे केवळ त्या दलाचेच नव्हे, इतर दलांचे आणि राज्यांच्या पोलिसांचे लोकही शिकावयास येतात, आणि त्यांतील कित्येक आपापल्या ठिकाणी परतून उस्ताद होतात. म्हणजे ही उस्तादांची शाळा. सीमा सुरक्षा दल १९६५ च्या १ डिसेंबरला उभे राहिले; त्याचे पहिले प्रमुख के. एफ. रुस्तमजी हे त्यापूर्वी आपल्या मध्य प्रदेशाचेच पोलीस महानिरीक्षक होते, आणि जन्माने नागपूरजवळच्या कामठीचे. दलाची अकादमी ग्वाल्हेरजवळ टेकनपूरला आहे. त्यांचे रेवती रेंज हे चांदमारीचे मैदान आपल्याला माहीत झाले ते २०२४ च्या जुलैत, एका दिवसात अकरा लाखांहून अधिक रोपे तेथे लावून शहराने विक्रम केला तेव्हा. झाडे लावली हे उत्तमच झाले. पण त्या टेकड्यांना कान देऊन वर्षानुवर्षे कोणी काय शिकविले, याची चौकशी विक्रमाच्या गर्दीत कोणी केली नाही.

महूलाही लष्कराचे निशाणेबाजीचे केंद्र आहे. २०१२ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये पंचवीस मीटर जलद पिस्तूल प्रकारात रौप्यपदक मिळविणारे विजय कुमार तेथेच घडले. त्या प्रकारात शेवटच्या फेरीत चार सेकंदांत पाच निशाणांवर पाच गोळ्या! पदक आले तेव्हा आपण पेढे वाटले. पदकामागे उभ्या असणाऱ्या शिक्षकाचे नाव किती जणांनी विचारले?

आता कडू भाग. पोलिसांत शिकवणीची नेमणूक म्हणजे बढती नव्हे, बाजूला सारणे, ही समजूत सर्वत्र आहे. ठाण्यात मान आहे, वट आहे. प्रशिक्षणशाळेत धूळ आहे. प्राध्यापक म. स. गोरे यांच्या अध्यक्षतेखाली १९७१ साली पोलीस प्रशिक्षणावर समिती नेमली गेली, १९७३ साली तिचा अहवाल आला. त्याला अर्धशतक उलटून गेले, आणि चांगली माणसे शिकवावयास कशी आणावीत हा प्रश्न आजही तसाच चर्चिला जातो. कॉमन कॉज आणि लोकनीती यांच्या २०१९ सालच्या पाहणीप्रमाणे पाच वर्षांच्या सरासरीत देशातील पोलिसांपैकी केवळ ६.४ टक्क्यांना दर वर्षी नोकरीत असताना काही प्रशिक्षण मिळाले. म्हणजे भरतीच्या वेळी जे हाती लागले त्यावर माणूस वर्षानुवर्षे काढतो. एकदा शिकून दहा वर्षे न गायिलेल्या गवयाला आपण मैफलीत बसवू काय? मुंबईवर २६ नोव्हेंबर २००८ ला हल्ला झाल्यावर नेमलेल्या राम प्रधान समितीने सरावासाठी लागणाऱ्या काडतुसांच्या टंचाईवर बोट ठेवले. त्या रात्री तुकाराम ओंबळे यांनी हल्लेखोराच्या रायफलची नळी हातांनी धरून ठेवली आणि प्राण दिले. त्या हातांना आपण नमस्कार करतो आणि करीत राहू. पण ज्या राज्यव्यवस्थेला असे हात लागतात तिने आपल्या चांदमारीचा हिशेब एकदा नीट पाहिला पाहिजे.

काडतुसे महाग, जागा अपुरी, म्हणून आता पडद्यावर प्रकाशकिरणांनी नेम धरावयाची यंत्रे आली आहेत. मी त्यांच्या विरुद्ध नाही. इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याविरुद्ध बोलून मी एकदा हसे करून घेतले आहे. आज माझ्याच वर्गात तो रोज वाजतो. गोळीवाचून हजार वेळा सराव होतो, प्रसंग उभे करता येतात, आणि कोणते निशाण शत्रूचे व कोणते पोरासोरांचे हे ओळखण्याची घाई अंगवळणी पडते. पण यंत्र सांगते गोळी कोठे गेली असती. ती पापणी पाहावयास कोणी तरी मागे बसलेला लागतोच. यंत्राची खरेदी झाली म्हणून उस्तादाची जागा कमी करण्याची टूम जेथे निघेल तेथे मी विद्यापीठांतील संगीत विभागांकडे बोट दाखवीन. ध्वनिफितींचे कपाट भरले, वर्गात चाळीस मुले बसली, आणि शिष्याच्या जवळ बसणारा माणूस नाहीसा झाला. पदव्या निघतात, गाणारे किती निघतात, ते आपण दर सभेला मोजतोच. चांदमारीवर एका नेमबाजामागे एक उस्ताद ही रीत अजून टिकून आहे. आम्ही जे घालविले ते तेथे हवालदाराच्या पगारात चालू आहे.

त्यांच्यासाठी फार मोठे काही करावे लागेल असे नाही. शिकविणाऱ्याला शिकवीत असतानाच वरचा हुद्दा मिळावा, त्यासाठी मैदान सोडावे लागू नये. निवृत्तीआधीची दोन वर्षे त्याच्या हाताखाली दोन निवडक माणसे द्यावीत, आणि ती त्याने स्वतः निवडलेली असावीत. वरून आलेल्या यादीतली नव्हेत. आणि निवृत्त झाल्यावरही मानधनावर त्याला आठवड्यातून दोनदा मैदानावर बोलवावे. दरबारात म्हाताऱ्या कलावंताला सेवा माफ होई, तनखा चालू राही, आणि पोरांना घेऊन बसण्याची तेवढी अपेक्षा असे. संस्थानी कारभारात दोष पुष्कळ होते, वडीलही ते लपवीत नसत. पण ही एक रीत चांगली होती.

ज्या उस्तादांविषयी लिहिले त्यांची आठ महिन्यांपूर्वी मैदानावरून शस्त्रागारात बदली झाली आहे. कोतमधली हत्यारे मोजून वहीत मांडणे आणि सायंकाळी कुलपे तपासणे हे काम. वयामुळे सोपी जागा दिली, असे वरून सांगण्यात आले; त्यात आकस असेल असे त्यांनाही वाटत नाही. सकाळी बार ऐकू आले की ते नोंदी थांबवून ऐकतात. कोणाचा हात हिसडतो आहे हे आवाजाच्या अंतरावरून थोडेफार कळते, असे ते म्हणाले. मार्चअखेर ते निवृत्त होतील. त्यांच्या हाताखाली सध्या कोणी नाही.